रॉडचा आकडा आणि हाताची लय
वाचकांचे प्रश्न : फ्लाय फिशिंगसाठी रॉड निवडताना

या वेळच्या टपालात फ्लाय फिशिंगविषयी चार पत्रे आली असून चारही पत्रांचा रोख रॉडच्या निवडीकडे आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, येथे गळाभोवती पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून बनवलेली 'माशी' पाण्यावर टाकायची असते, आणि त्या माशीला वजन असे जवळजवळ नसतेच. नेहमीच्या गळाच्या काठीने आपण शिशाचा गोळा फेकतो आणि दोरा त्याच्यामागून ओढला जातो. ती गोफण झाली. येथे मात्र फेकायची असते ती लाइनच, म्हणजे जाड, वजनदार दोरी, आणि माशी तिच्या टोकाला 'लीडर' नावाच्या बारीक दोऱ्याने बांधलेली असल्यामुळे तिच्याबरोबर जाते. पोतराजाचा आसूड हवेत कसा उलगडत जातो ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही हालचाल चटकन समजेल.

प्रश्न : हिमाचलमधील तीर्थन खोऱ्यात मी दोन वर्षे ट्राउट माशांसाठी जात आहे. अमेरिकेतील आतेभावाच्या सल्ल्याने मी 9 फुटी, 5 नंबरचा 'फास्ट ॲक्शन', म्हणजे कडक आणि फक्त शेंड्याकडे वाकणारा, रॉड मागवला. तिथल्या गाइडचा जुना, मऊ रॉड हाती घेतला की माझी लाइन बऱ्यापैकी सरळ जाते. माझ्या महागड्या रॉडने मात्र ती समोर ढिगासारखी पडते, आणि जोर लावला तर लीडरला गाठी बसतात. एक मित्र म्हणतो की 6 नंबरची लाइन चढव म्हणजे काम होईल. रॉड बदलावा, लाइन बदलावी की मीच शिकावे? — पुण्याहून एक वाचक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती गाइडच्या रॉडविषयीची आहे, कारण आपली फेक मुळातच बिघडलेली असती तर ती त्याही रॉडने बिघडली असती. तेव्हा दोष एकट्या हाताचा नाही आणि एकट्या रॉडचाही नाही. दोघांचा मेळ बसलेला नाही, आणि तो का बसलेला नाही हे थोड्या हिशेबाने समजते.

रॉडवर लिहिलेला 5 हा आकडा खरे तर लाइनचा आहे. 1961 साली अमेरिकेत ठरलेल्या प्रमाणानुसार लाइनच्या पहिल्या 30 फुटांचे वजन मोजून तिला क्रमांक दिला जातो. 4 नंबरच्या लाइनचे हे वजन 120 ग्रेन (वजनाचे जुने इंग्रजी माप), 5 नंबरचे 140 आणि 6 नंबरचे 160 ग्रेन असते. आपल्या मापात बोलायचे तर 5 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट सुमारे 9 ग्रॅम भरतात. लाइनला असे प्रमाण आहे, रॉडला नाही. रॉडवर 5 लिहिले म्हणजे 'ही लाइन या रॉडवर चांगली चालेल' असे बनवणाऱ्याचे मत झाले, आणि दोन कंपन्यांची मते बरीच वेगळी असू शकतात. काही कंपन्यांचे 5 नंबरचे कडक रॉड मला तरी 6 नंबरचे वाटतात, पण हे माझ्या हाताचे मत आहे.

आता तीर्थनच्या काठावर उभे राहा. तिथे मासा आपल्यापासून किती दूर असतो? दगडाआडच्या संथ पाण्यात उभा असलेला ट्राउट बहुतेक वेळा 30 फुटांच्या आत असतो. त्या 30 फुटांतून पुढे केलेल्या रॉडचे आठएक फूट वजा करा, लीडरचे 9 फूट वजा करा. रॉडच्या शेंड्याबाहेर खरी लाइन उरते ती जेमतेम 13 फूट. म्हणजे 9 ग्रॅमच्या जागी 4 ग्रॅम, आणि लाइनचे पुढचे टोक निमुळते असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही थोडे कमी. 9 ग्रॅम आणि त्याहून अधिक वजन सहज पेलण्यासाठी बनवलेला कडक रॉड 4 ग्रॅमने वाकणार कसा? तो काठीसारखा ताठ राहतो, हाताला काहीच जाणवत नाही, आणि मागे गेलेली लाइन कधी सरळ झाली याचा अंदाज चुकतो. गाइडचा मऊ रॉड तेवढ्याच वजनाने मुठीच्या जवळपर्यंत वाकतो आणि 'आता पुढे आण' हे हातालाच सांगतो.

मित्राचा सल्ला याच हिशेबाने तपासून पाहावा. 6 नंबरच्या लाइनचे पहिले 13 फूट सुमारे साडेचार ग्रॅम भरतील, म्हणजे आपल्या आताच्या लाइनपेक्षा अर्धा ग्रॅम जास्त. लांब फेकीत एका नंबराचा फरक चांगला जाणवतो, पण आपल्या अंतरावर त्याने फारसे काही साधणार नाही. शिवाय बाजारातील अनेक लाइनी वेष्टनावर 5 लिहूनही प्रमाणापेक्षा अर्धा किंवा एक नंबर जड बनवलेल्या असतात, त्यामुळे आपली लाइन आधीच 6 नंबरच्या जवळ असू शकेल. अंदाज बांधत बसण्यापेक्षा पुढचे 30 फूट, म्हणजे 9 मीटर 14 सेंटिमीटर, मोजून तेवढा भाग ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवावा. लाइन कापण्याची गरज नाही. बाकीची लाइन बाजूला हातात सैल धरली तरी पुरते. मी हे केले तेव्हा सराफाने 'हे सोन्याचे आहे का?' असे विचारले होते आणि किंमत ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प बसला होता.

ढीग आणि गाठी या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, परंतु दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. फेकताना रॉडचा शेंडा हवेत जो मार्ग काढतो तोच लाइन घेते. शेंडा सरळ रेषेत गेला तर लाइनचा लूप, म्हणजे हवेत तिला पडणारा वळसा, अरुंद होतो आणि बाणासारखा पुढे जातो. शेंडा घुमटासारखा वरून खाली आला तर लूप मोठा, सैल होतो आणि त्याचा जोर वाटेतच संपतो. आणि शेंडा मध्येच खाली दबून पुन्हा वर आला तर लूपची वरची बाजू खालच्या बाजूला ओलांडते आणि लीडरला गाठ बसते. लोक या गाठींना वाऱ्याच्या गाठी म्हणतात, पण वाऱ्याचा त्यात बहुधा काही संबंध नसतो.

शेंडा सरळ ठेवण्यासाठी हाताने किती कोन फिरवायचा हे रॉड किती वाकतो यावर अवलंबून आहे. मऊ रॉड जास्त वाकतो, म्हणून त्याला मोठा कोन लागतो. कडक रॉड कमी वाकतो, म्हणून त्याला लहान कोन पुरतो. आपला हात गाइडच्या मऊ रॉडवर तयार झालेला दिसतो, म्हणजे आपला कोन मोठा आणि लय संथ आहे. तोच कोन कडक रॉडला दिला की शेंडा घुमटाच्या मार्गाने जातो आणि लाइन ढिगासारखी पडते. मग चिडून आपण शेवटी झटका देता, त्या झटक्याने रॉड एकदम वाकतो, शेंडा खाली दबतो आणि गाठ तयार होते. रॉड आपले काम चोख करतो आहे. तो आपल्याला वेगळ्या माणसाची फेक मागतो आहे, एवढेच.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम जवळच्या हिरवळीच्या मैदानावर माशीऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधून सराव करा. डांबरावर करू नका, लाइनचे आवरण खरवडते. शेंड्याबाहेर पूर्ण 30 फूट लाइन काढून घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत पुढे दहा आणि मागे एक एवढ्याच कोनात, मनगट न मोडता फेका, आणि मान वळवून मागची लाइन सरळ होताना डोळ्यांनी पाहा. लूप एकदम नीट झाला तर रॉडमध्ये दोष नाही, तो फक्त आपल्या नदीसाठी मोठा आहे. नंतर हळूहळू लाइन आखडत 15 फुटांवर या. तिथे पुन्हा सगळे विस्कटले, तर पुढच्या वेळी तीर्थनसाठी 8 किंवा साडेआठ फुटी, 4 नंबरचा, मध्यम ॲक्शनचा रॉड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काठावरच्या फांद्यांखालून फेकताना ते अर्धा-एक फूट कमी असणेही उपयोगी पडेल. आताचा रॉड विकू नका. एखाद्या मोठ्या तलावावर किंवा रुंद पात्रात तो आपल्याला आवडू लागेल.

एक गोष्ट विचारलेली नसली तरी सांगून ठेवतो : हिमाचलमध्ये ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, तेव्हा नव्या रॉडची पहिली परीक्षा दिवाळीनंतरच्या सुट्टीत ठरवू नये.

प्रश्न : मी सात वर्षे कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे राहतो आणि यंदा पहिला चांगला रॉड घेणार आहे. दुकानात गेलो की विक्रेता रॉड हातात देतो, मी तो हलवून पाहतो आणि मला सगळे सारखेच वाटतात. चांगला रॉड माझ्यासाठी योग्य आहे हे ओळखायचे कसे? येथे दुपारी वारा फार असतो, आणि मी बहुतेक वेळा तरंगत्या गोळ्याखाली दोन निम्फ, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या माश्या, लावून मासे धरतो. — डेन्व्हरहून एक वाचक

उत्तर : दुकानात रॉड हलवून पाहणे म्हणजे बंद गाडीचे स्टिअरिंग फिरवून पाहणे होय. लाइन नसलेला रॉड हलवला की त्याचा फक्त शेंडा थरथरतो. तो किती लवकर स्थिर होतो हे कळते, आणि त्याचा थोडा उपयोगही आहे, पण लाइनच्या वजनाखाली तो कसा वाकेल हे त्यातून कळत नाही. बऱ्याच दुकानांच्या मागे मोकळी जागा असते आणि विचारले तर रॉड फेकून पाहू देतात. न विचारता परत येऊ नये.

तिथे जाताना आपली स्वतःची लाइन आणि रील बरोबर न्यावे, ही पहिली अट. दुकानदार प्रत्येक रॉडला वेगळी लाइन लावून देतो आणि मग आपण रॉडची नव्हे तर लाइनचीच तुलना करत राहतो. जमिनीवर 20, 30 आणि 45 फुटांवर काहीतरी खूण ठेवावी, चपला चालतील, आणि आपण नदीवर ज्या अंतरावर सर्वाधिक मासे धरता तिथूनच सुरुवात करावी. माझा अनुभव असा की, मैदानावर माणूस पहिल्याच फेकीत शक्य तेवढी लाइन बाहेर काढतो, आणि मग जो रॉड 70 फुटांवर उत्तम वाटला तोच घरी आणतो. त्यानंतर आयुष्यभर तो 25 फुटांवर मासे धरतो. मी असा एक रॉड दोन हंगाम वापरला आहे, आणि दोष माझाच आहे असे समजून खांदा दुखवून घेतला आहे.

कोणाकडून तरी रॉड हातात घ्यावेत आणि किंमत किंवा नाव पाहू नये. प्रत्येक रॉडने दहा फेकी कराव्यात, त्यातील पहिल्या तीन विसराव्यात, कारण त्या हाताला आधीच्या रॉडची सवय मोडण्यात जातात. मग एकच गोष्ट पाहावी : आपली लय न बदलता लूप नीट होतो आहे का? ज्या रॉडसाठी आपल्याला घाई करावी लागते किंवा जाणीवपूर्वक थांबावे लागते तो कितीही नामांकित असला तरी बाजूला ठेवावा. स्वभावाने झटपट हात चालवणाऱ्यांना शेंड्याकडे वाकणारा फास्ट रॉड साजतो, आणि ज्यांचा हात मागे जाऊन आरामात थांबतो त्यांना मध्यम किंवा खालपर्यंत वाकणारा. फेक शिकून सुधारता येते, पण लय सहसा बदलत नाही.

आता आपल्या दोन खास अडचणी, ज्या दुर्दैवाने परस्परविरुद्ध आहेत. वाऱ्यात अरुंद लूप आणि वेग हवा, आणि तो कडक रॉडने सोपा होतो. दोन निम्फ आणि तरंगता गोळा यांना मात्र मोठा, उघडा लूप हवा, नाहीतर सगळे एकमेकांत गुंतते, आणि त्यासाठी थोडा मऊ रॉड बरा. आपण बहुतेक वेळा निम्फच वापरता असे लिहिले आहे, म्हणून माझा कौल 9 फुटी, 5 नंबरच्या, मध्यम आणि फास्ट यांच्या मधल्या रॉडकडे आहे. वाऱ्यासाठी रॉड कडक घेण्याऐवजी डाव्या हाताने लाइन खाली ओढून वेग वाढवण्याची पद्धत, जिला तिथे 'हॉल' म्हणतात, ती शिकावी; तिला पैसे पडत नाहीत. वारा समोरून असेल तर मागची फेक उंच आणि पुढची खाली, पाण्याकडे झुकलेली ठेवावी. 6 नंबर घेण्याचा मोह होईल, पण कोलोरॅडोतील लहान नद्यांत तो जरा जास्तच होतो.

दोन रॉडमध्ये निर्णय अडला तर घरी एक साधा प्रयोग करता येतो. रॉडची मूठ टेबलावर आडवी घट्ट दाबून धरावी, शेंड्याला एक हलकी पिशवी टांगावी आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश एवढा खाली येईपर्यंत तिच्यात नाणी टाकत जावे. 9 फुटी रॉडसाठी हे 3 फूट होतात. अमेरिकेत यासाठी एक सेंटची नाणी वापरण्याची पद्धत डॉ. विल्यम हॅनमन यांनी रूढ केली, कारण 1982 नंतरचे प्रत्येक नाणे अडीच ग्रॅमचे असते. ज्या रॉडला जास्त नाणी लागली तो अधिक ताकदीचा. रॉडवर काय छापले आहे हे त्या वेळी विसरावे. आपल्या हाताला कोणता बसतो हे नाणी सांगणार नाहीत, परंतु दोघांवर 5 लिहिलेले असूनही एक हाताला दगडासारखा का वाटला, हे नक्की सांगतील.

प्रश्न : न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चजवळ मी पतीबरोबर मासेमारीला जाते आणि त्यांचाच 9 फुटी, 6 नंबरचा रॉड वापरते. तासाभरात मनगट दुखू लागते. हलका रॉड घ्यावा का? — एक वाचक भगिनी

उत्तर : काट्यावरचे वजन पाहून रॉड घेऊ नये. दोन रॉड सारख्याच वजनाचे असले तरी ज्याचे वजन शेंड्याकडे आहे तो हाताला जड लागतो, कारण तो हाताने दिवसभर फिरवायचा असतो. रील लावून रॉड आडवा धरावा आणि हळूहळू हलवावा. शेंडा खाली ओढत असेल तर तो आपला नव्हे.

माझा संशय मात्र मुठीवर आहे. बुचाची मूठ पुरुषांच्या तळव्याच्या मापाने बनवलेली असते, आणि 6 नंबरपासून वरच्या अनेक रॉडवर ती पुढे फुगीर असते. बोटे मुठीभोवती पूर्ण वळत नसतील तर रॉड घसरू नये म्हणून आपण तो सतत आवळून धरता, आणि मनगट त्यानेच थकते. बारीक, पुढे निमुळती होत जाणारी मूठ असलेला 5 नंबरचा रॉड एकदा हातात घेऊन पाहावा; आपण लिहिलेल्या भागातील पाणी स्वच्छ आणि मासे मोठे असले तरी 5 नंबर तेथे अपुरा पडत नाही. घरच्या रॉडची मूठ बारीक वाळूच्या कागदाने घासून कमी करता येते, पण तो रॉड आपला नसल्यामुळे हा सल्ला पतींच्या परवानगीने अमलात आणावा. पकड फक्त थांबण्याच्या क्षणी घट्ट करावी, एरवी सैल ठेवावी. एवढे करूनही दुखणे राहिले तर मनगट डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : फ्लाय रॉड पूर्वी बांबूचे बनवत असे वाचले. आमच्याकडे मानवेल भरपूर आहे. त्याचा रॉड करता येईल का, आणि तो नवशिक्याला चालेल का? — चंद्रपूरहून एक वाचक

उत्तर : करता येईल, आणि याला जुना आधारही आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत चिरलेल्या बांबूचे जे रॉड बनत, त्यांसाठी भारतातून जाणारा 'कलकत्ता' बांबू वापरत असत, आणि त्या नावाने ओळखला जाणारा बांबू मानवेलच्याच जातीचा मानला जातो. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, कारण त्याची पेरे लांब, दांडा सरळ आणि सालीजवळचे तंतू अधिक दाट असतात. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, प्रत्येकीचा कोन 60 अंशांचा ठेवून त्या चिकटवायच्या, म्हणजे षटकोनी रॉड तयार होतो. यात चूक होते ती तासण्यात. पट्टीची जाडी केसाएवढी बदलली तरी रॉडचे वाकणे बदलते.

बांबूचा रॉड कार्बनपेक्षा जड आणि संथ असतो. संथ लय शिकवण्यासाठी तो उत्तम गुरू आहे. पण सहा पट्ट्या तासून पहिलाच रॉड बिघडवण्यापेक्षा आधी एक बारीक, सरळ, अखंड मानवेल तोडून सावलीत पूर्ण वाळवावा, शेंड्यालाच सुमारे काठीएवढ्या लांबीची लाइन आणि पुढे लीडर बांधावा. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर रीलशिवाय अशीच काठी वापरतात, तिला तेनकारा म्हणतात. गवतावर उभे राहून ती फेकून पाहा. लाइन मागे पूर्ण सरळ होण्याआधी हात पुढे आला तर आसुडासारखा फटकारा ऐकू येईल, आणि तो आवाज बंद होईपर्यंत दुसरा रॉड विकत घेण्याची घाई करू नका.